अकरा दगडांचा क्रम

३ जानेवारी

प्रिय दादा,

आठ महिने तुला पत्र नाही. कारणं शोधायला बसले तर तीन सापडतील आणि तिन्ही खोटी असतील, म्हणून नुसती माफी मागते. फोनवर तुला ऐकू येत नाही. वहिनी मधे उभी राहून तुझं मला आणि माझं तुला ओरडून सांगते, आणि त्यात निम्मं तिच्या पदरचं असतं. तेव्हा आपलं पत्रच बरं. सुरुंगांनी तुझे कान नेले पण डोळे ठेवले, हे नशीब.

मावशीचा गुडघा कसा आहे? अजून काठी टाकून चालते का, की आता ऐकते?

इकडे ठीक. प्रयोगशाळेत नवं घासणयंत्र आलंय. दगडाचा काप आता अर्ध्या वेळात कागदाहून पातळ होतो आणि भिंगाखाली काचेसारखा दिसतो. साहेबांनी आपल्या डोंगररांगेचा नकाशा नव्याने करायला घेतलाय, म्हणून जुनी खोकी उघडली. त्यात तुझे अकरा दगड निघाले. नऊ वर्षांपूर्वी वरच्या वस्तीची विहीर खणताना तू पाठवलेले. पांढऱ्या रंगाने घातलेले तुझे आकडे अजून शाबूत आहेत, सातचा आकडा तर अगदी तुझ्यासारखा, पोट पुढे काढून उभा.

त्यावरून एक साधी गोष्ट विचारायची आहे. चार नंबरच्या दगडाला भाजलेली लाल माती चिकटली आहे. लाव्हा ज्या मातीवरून वाहतो ती भाजून निघते, म्हणजे ही त्याच्या खालची माती. तिच्यात बारीक खडे आहेत आणि ते हुबेहूब पाच नंबरच्या दगडाचे आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे पाच नंबर चाराच्या वरचा, म्हणजे नंतर आलेला. मग त्याचे खडे आधीच्या मातीत कसे?

घाई मुळीच नाही, पण आठवत असेल तर लिही. एक नंबर तू कुठल्या दगडाला दिला होतास, वरच्या की तळाच्या?

तुझी,
भिंगू


११ जानेवारी

भिंगूबाई,

तुझं पाकीट पाहून आईला वाटलं तुझं लग्न ठरलं. मी म्हटलं, दगडाबद्दल आहे. ती म्हणाली, मग दगडाशी का होईना, तारीख काय? ब्याऐंशीची झाली तरी जीभ अजून पंचविशीतली आहे. गुडघ्याचं विचारू नकोस. काठी दिली की कोपऱ्यात उभी करते आणि म्हणते, तिलाच विश्रांतीची गरज आहे.

आता तुझा प्रश्न. हा काय प्रश्न झाला का? एक नंबर म्हणजे पहिला लागलेला दगड, म्हणजे वरचा. अकरावा तळाचा, एकशे वीस फुटांवर, पाण्यापाशी. तीस वर्षं विहिरी खणतोय, तळापासून वर खणत आलेला माणूस अजून पाहिला नाही. तुमच्या ऑफिसात कुणी असेल तर दाखव, पाया पडेन.

बाकी वस्ती छान वाढलीय. परवा साठावं घर झालं. नऊ वर्षांपूर्वी इथे झुडपं होती, तुझ्या ऑफिसने जागा राहण्याजोगी म्हणून सांगितलं तेव्हा पहिलं घर मी बांधलं. लोक विचारायचे, वर धूर सोडणारा डोंगर आणि तुम्ही त्याच्या मांडीवर कसे झोपता? मी सांगायचो, माझ्या मावसबहिणीने त्याची नाडी पाहिलीय, म्हातारा निवळला आता. एकेक करत आले सगळे. गवंडी, शाळेच्या बाई, डेअरीवाला.

विहिरीचं पाणी यंदा कोमट लागतंय. तुझी वहिनी खूश आहे, आंघोळीला तापवावं लागत नाही. जमीन अधूनमधून हलते, फार नाही, कोपऱ्यातली काठी पडण्यापुरती. आई म्हणते उंदीर.

लिहीत जा. आठ महिने म्हणजे काय थट्टा आहे?

दादा


१४ जानेवारी

दादा,

पत्र सकाळी अकराला मिळालं. टेबलाशी उभ्यानेच वाचलं, मग तुझे अकरा दगड टेबलावर उलट्या क्रमाने मांडले. दुपारी वहिनीला फोन केला. ती तुझ्या कानात ओरडत होती आणि मागे तुझं हसणं मला ऐकू येत होतं. म्हणून हे सगळं लिहून संध्याकाळच्या बसच्या चालकाच्या हाती देतेय. कृपा करून हसू नकोस.

आधी एक कबुली. मागच्या पत्रात घाई नाही असं लिहिलं, ते खरं नव्हतं. ते खडे पाहिल्यापासूनच मला शंका होती. तुला घाबरवायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. पण मलाच तुझं उत्तर नको होतं, हे जास्त खरं असावं.

आमच्याकडे दगड तळापासून मोजतात. जो आधी घडला तो एक. तू वरून मोजलेस, मी खालून वाचले. तुझा वरचा दगड मी सगळ्यात जुना धरला आणि तळाचा सगळ्यात नवा. अख्खा डोंगर उलटा वाचला.

याचा अर्थ काय, तो सरळ सांगते. जमिनीचं कवच म्हणजे सरकणारे प्रचंड तुकडे. फार पूर्वी आपल्याकडचा तुकडा दोन्हीकडून ताणला जात होता. भेगा उघड्या होत्या, खालचा शिलारस कुठे न थांबता वर यायचा आणि तेलासारखा पसरायचा. तुझे तळाचे दगड तसे आहेत. मग समुद्राकडचा तुकडा सरकत आला आणि आपल्या तुकड्याखाली घुसायला लागला. ताण गेला, दाब आला. भेगा मिटल्या, कवच जाड झालं. तेव्हापासून शिलारस वाटेत अडकून राहतो. अडकला की हळूहळू निवतो, जड स्फटिक त्यातून आधी खाली बसतात, आणि उरतं ते अधिकाधिक चिकट. आजूबाजूचा कातळही तो वितळवून पोटात घेतो. मावशी साखरेचा पाक करायची ते आठव. पातळ असताना बुडबुडे येतात आणि फुटून जातात. आटला की बुडबुडा फुटत नाही, अख्खा पाक वर उचलतो आणि अंगावर उडतो. तुझ्या मनगटावर डाग आहे अजून.

तुझ्या तळाच्या दगडात वाळूचा घटक शंभरात पन्नास आहे, वरच्यात चौसष्ट. मधले सगळे पायरीपायरीने चढत गेलेले. म्हणजे डोंगर निवळत नाहीये, दादा. आटतोय.

आणि नऊ वर्षांपूर्वीच्या अहवालात मी काय लिहिलं? दाबाचे दिवस संपले, ताणाचे सुरू झाले, शिलारस पुन्हा पातळ होत चाललाय. ‘निवळत चाललेला’ हा शब्द माझाच. गोष्ट इतकी सुबक जमली होती की सगळ्यांनी कौतुक केलं. समोरासमोरच्या दोन टेकड्यांवरच्या मोजणीच्या खुणा दरवर्षी नखाएवढ्या जवळ येत होत्या. ताण असता तर त्या लांब गेल्या असत्या. ते मी तळटीपेत टाकलं आणि लिहिलं, मोजणीतली त्रुटी असावी. तो मोजणारा बिचारा बरोबर होता.

आपल्यात गैरसमज झाला तो असा.

पाण्याचं तापमान रोज सकाळी घे. डेअरीवाल्याकडे दुधाचा तापमापक असेल, तो चालेल. आणि मावशीला खाली बाजारगावात ने. आजच.

भिंगू


२० जानेवारी

भिंगू,

हसलो नाही. पण रागावलो होतो, म्हणून सहा दिवस घेतले.

तापमान लिहितो. पंधराला चौतीस, सतराला छत्तीस, आज एकोणचाळीस. एरवी बावीस असायचं म्हणे, म्हणजे डेअरीवाला म्हणतो, त्याने हौस म्हणून कधीतरी मोजलं होतं. त्याला मी कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, आणखी थोडं वाढलं तर विरजण लावायला सोय होईल.

आणखी एक तुला लिहिलं नव्हतं. महिन्यापूर्वी जुन्या खाणीच्या खड्ड्यात गवंड्याच्या दोन शेळ्या मेलेल्या सापडल्या. अंगावर ओरखडा नाही, जणू झोपल्यात. गवंडी त्यांना उचलायला खड्ड्यात उतरला तर त्याला भोवळ आली, आम्ही दोर टाकून ओढला. मी सगळ्यांना साप म्हणून सांगितलं. तुला का नाही लिहिलं? तू लहानपणापासून घाबरट, उगाच पळत येशील म्हणून. विहिरीच्या काठाशी आलीस की माझा शर्ट धरायचीस. ही विहीर पाहायला आलीस तेव्हाही तू चाळिशीच्या घरात होतीस आणि माझ्या पाठीमागून वाकून पाहिलंस. माझाच शर्ट, तोच हात.

तू लिहितेस ते मला कळलं. पाकाचं तर चांगलंच कळलं. पण वस्तीला कुठल्या तोंडाने सांगू? ही साठ घरं गवंड्याने बांधली, पण लोकांना आणलं मी. शाळेच्या बाई तर नको म्हणत होत्या, त्यांना मी तुझा अहवाल आणून दाखवला, तुझ्या सहीवर बोट ठेवून. आता म्हणू, ते बोट उलटं होतं?

आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘जिचं नाक मी पुसलं ती आता मला घर सोडायला सांगणार?’ मग थोड्या वेळाने म्हणाली, तिचा आवाज कसा होता फोनवर? मी म्हटलं मला काय ऐकू येतंय. ती तुझ्या वहिनीकडे गेली आणि तिला विचारून आली. तेव्हापासून काठी हातात धरते.

तुझ्या साहेबांचा कागद आण. सही-शिक्क्याचा. त्याशिवाय इथे कुणी चूल विझवणार नाही.

दादा


२४ जानेवारी

दादा,

शेळ्यांचं वाचून मी पत्र पालथं घातलं आणि थोड्या वेळाने पुन्हा उलटलं. तो जड वायू आहे, जमिनीतून येतो, खड्ड्यात साचतो. दिसत नाही, वास नाही. त्या खड्ड्याकडे कुणालाही जाऊ देऊ नकोस.

साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, खडे भिंगाखाली स्वतः पाहिले. म्हणाले, फेरतपासणी करू, दुसऱ्या प्रयोगशाळेकडे काप पाठवू, तीन महिन्यांत दुरुस्ती छापू. मी म्हटलं, तीन महिने त्या पाण्याला माहीत नाहीत. ते म्हणाले, ‘बाई, नऊ वर्षं तुम्हालाही माहीत नव्हतं.’ आपत्तीच्या कार्यालयात फोन केला तर तिथला कारकून म्हणाला, कागद पाठवा. कागदावर सही कुणाची? साहेबांची. साहेब कुठे? फेरतपासणीत. असा तो गोल रस्ता.

मी रोज डायरी लिहिते हे तुला ठाऊक आहे, तू त्यावरून चिडवतोसही. या आठवड्यात रोज पानावर एकच प्रश्न आहे: मी चूक आहे का? म्हणजे आत्ता. नऊ वर्षांपूर्वी पूर्ण खात्री होती आणि मी चुकले, मग आजच्या खात्रीची खात्री काय? पण खडे खोटं बोलत नाहीत. शेळ्याही.

सोबत दुसरा कागद जोडलाय. तो वस्तीसाठी आहे, सगळ्यांसमोर वाच. साहेबांच्या सहीचा नाही, माझ्या सहीचा आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. त्यात लिहिलंय की दगडांच्या क्रमात गोंधळ झाला, जुना निष्कर्ष चुकीचा होता, डोंगर शांत नाही, आणि सगळ्यांनी लगेच खाली यावं. मोठ्याने वाच. तुला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तू कधी कधी पुटपुटतोस.

भिंगू


८ फेब्रुवारी

भिंगू,

बाजारगावातल्या धान्याच्या गोदामातून लिहितोय. पत्राला उशीर झाला, साठ घरं हलवताना पेन हाताला लागत नाही. आई सुखरूप आहे. पोत्यांच्या थप्पीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडते.

सव्वीसला सकाळी पाणवठ्यापाशी सगळ्यांना गोळा केलं. पाणी एक्केचाळीसवर होतं, बादलीतून वाफ दिसत होती. तुझा कागद काढला, पहिली ओळ वाचली. मग वर पाहिलं. साठ घरांची तोंडं. शाळेच्या बाई पुढेच उभ्या होत्या. मला वाटलं, ‘क्रमात गोंधळ झाला’ म्हटलं की पहिला प्रश्न येणार, कुणी केला? तुझी सही खाली. तुला इथे कुणी पाहिलंही नाही, तू एक नाव आहेस, आणि नावाला शिव्या घालणं सोपं असतं. मी कागद खिशात ठेवला आणि म्हटलं, चूक माझी आहे. आकडे मी उलटे टाकले. मला वर-खाली कळलं नाही, बहिणीने मी दिलं तसं वाचलं.

जे ऐकायचं ते ऐकलं. म्हणजे ऐकू आलं नाही, पण तोंडं हलताना दिसत होती. गवंडी जवळ येऊन एवढंच म्हणाला, तुझ्यावर भरवसा ठेवला. हे मात्र मी ओठांवरून नीट वाचलं. दोन दिवसांत सगळे खाली आले. मला वाटलं, स्वस्तात सुटलो.

आता खरं ते लिहितो. आज चौदा दिवस झाले. डोंगराने काही केलं नाही. गोदामात उंदीर, पोरांना खोकला, बायकांना आडोसा नाही. डेअरीवाला रोज वर जाऊन पाणी मोजून येतो. चार तारखेला ते बेचाळीस होतं, मग उतरायला लागलं. काल एकतीस, आज सव्वीस. धूरही थांबलाय, डोंगराचा माथा इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. लोक म्हणतात, झालं, निवलं. मी म्हटलं, थांबा, बहिणीला विचारतो. तर डेअरीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ज्याला एकदा वर-खाली कळलं नाही, त्याचं आता कशाला ऐकायचं? याने पुन्हा उलटंच सांगितलं असेल. तेव्हा जा म्हणाला, आता राहा म्हणतो.’ लोक हसले. मीही हसलो, काय करणार.

उद्या नाही परवा, रविवारी संध्याकाळी सगळे गोदामात बसून ट्रॅक्टर कुठल्या क्रमाने भरायचे ते ठरवणार आहेत. सोमवारी सकाळी वर. आईही म्हणते, माझी गादी वर आहे.

पाणी गार होणं चांगलंच ना? तेवढं लिही. हे आजच्या बसच्या चालकाकडे देतोय, लवकर लिही.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही आणि बसच्या चालकालाही देत नाही. मीच घेऊन येतेय. तरी लिहून काढतेय, कारण तुझ्यासमोर बोलताना मी अर्धं गाळेन, आणि तुला उरलेलं अर्धंच ऐकू येईल.

पाणी गार होणं चांगलं नाही. चिकट शिलारस वर सरकला की स्वतःची वाट स्वतःच बुजवतो. बूच बसतं. वाफ बाहेर यायची थांबते म्हणून धूर दिसत नाही, पाणी गार पडतं, आकाश स्वच्छ होतं. खाली दाब तसाच साचत असतो. पातळ शिलारसाचा डोंगर असता तर मी म्हटलं असतं, निवला. चौसष्टच्या डोंगराबद्दल मला असं म्हणता येत नाही. नक्की सांगता येतं का? नाही. महिनाभर काही होणार नाही, किंवा उद्या दुपारी होईल. साठ घरं त्या घळीत आहेत, जी घळ जुन्या राखेनेच भरलेली आहे. पण नक्की नाही म्हणून लोकांना वर जाऊ द्यायचं, हे मी एकदा केलंय.

आता दुसरं. हे लिहायला मी दुपारपासून तीन कागद फाडलेत.

तू आकडे उलटे टाकले नव्हतेस. हे तुला माहीत आहे, पण गेला पंधरवडाभर मलाही माहीत होतं, हे तुला माहीत नाही. नऊ वर्षांपूर्वी दगडांच्या पेटीत एक चिठ्ठी होती. एका बाजूला मावशीचं अक्षर: ‘भिंगू, मोजे विणलेत, दगडांबरोबर पाठवतेय, दोन्हींत जड काय ते कळव.’ मला इतकं हसू आलं की ती चिठ्ठी मी त्याच दिवशी डिंकाने डायरीत चिकटवली. मावशीचं अक्षर वर. चिठ्ठीला मागची बाजू असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

यंदा चोवीस जानेवारीला, तुला ‘क्रमात गोंधळ झाला’ असं लिहीत असताना, मला ती चिठ्ठी आठवली. डायरी काढली. कागदातून मागच्या शाईची सावली दिसत होती. मी म्हटलं, सोडवायला गेले तर मावशीचं अक्षर फाटेल. ते कारण नव्हतं. डायरी मिटली, आणि तुला गोंधळ हा शब्द पाठवून दिला. गोंधळ म्हटलं की दोघांचा होतो. चूक म्हटली की एकाची असते. मी शब्द निवडला आणि तू त्यावर पांघरूण घातलंस, आणि आता त्या पांघरुणामुळे तुझं कुणी ऐकत नाही.

आज तुझं पत्र वाचून किटलीच्या वाफेवर ते पान धरलं. तासभर लागला. चिठ्ठी फाटली नाही. मागे तुझं अक्षर, ठसठशीत:

‘पहिला दगड वरचा, अकरावा पाण्यापाशी. तुमची मोजायची रीत वेगळी असेल तर कळव, आकडे बदलून देतो.’

कळव म्हणाला होतास. नऊ वर्षं ते वाक्य मी डिंकाने बंद करून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात एका तक्त्यात ‘स्थळपाहणी स्वतः केली’ या ओळीपुढे खूण केली होती, तुझ्या पाठीमागून विहिरीत एकदा वाकून पाहिलं त्या जोरावर. थोडं आणखी वाकले असते तर वरचा दगड कुठला ते डोळ्यांनीच दिसलं असतं. शर्ट धरूनसुद्धा.

संध्याकाळी साहेबांच्या घरी गेले. त्यांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली. म्हणाले, ही दाखवली नसतीत तर कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, हो. ते मला सोडायला दारापर्यंत आले. मग म्हणाले, आपत्तीच्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबांशी त्यांची ओळख आहे, सकाळी बोलून बघतो. बघतो म्हणाले, करतो म्हणाले नाहीत. पण माझ्या बसची वेळ त्यांनी दोनदा विचारली.

मला भीती वाटतेय, दादा. डोंगराची आहेच. पण गवंड्याच्या तोंडाची जास्त, आणि शाळेच्या बाईंच्या, ज्यांच्यासमोर तू माझ्या सहीवर बोट ठेवलं होतंस. मावशी पोत्यांवरून सगळं पाहणार याची तर सर्वांत जास्त. तरी मला बोलायचंय. तू शेजारी उभा राहा, मधे बोलू नकोस, आणि मी तुझा शर्ट धरला तर हात झटकू नकोस. लोकांना हे कळलं पाहिजे की खाली-वर ज्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तो तू आहेस. मग तू थांबा म्हणालास तर कदाचित थांबतील.

बस पहाटेची आहे. संध्याकाळी ट्रॅक्टरांचा क्रम ठरायच्या आधी पोहोचेन. चिठ्ठी पुठ्ठ्यात घातलीय.

उद्या: चिठ्ठी गोदामात सगळ्यांना दाखवणे, मागची बाजू वर.